आपला ईमेल पत्ता स्पॅमवाल्यांच्या हाती लागतो कसा, आणि कुठून फुटला ते कसं शोधायचं

कुणालाही न दिलेल्या कोऱ्या पत्त्यावरही स्पॅम येतो, कारण तो अंदाजाने लागलेला असतो. स्पॅमवाल्यांचा प्रोग्राम मेल सर्व्हरला एकामागून एक नावं विचारत जातो: अमोल, अमोल१, अमोल१९८५. पत्ता नसेल तर सर्व्हर सहसा ५५० हा कोड परत पाठवतो, असेल तर २५०. एकही मेल न धाडता खऱ्या पत्त्यांची यादी तयार होते. म्हणून नाव आणि जन्मसाल एवढ्यावर पत्ता बनवू नका, मध्ये एखादा भलताच शब्द घाला. जीमेलमध्ये नुसती टिंबं टाकून उपयोग नाही, जीमेल ती धरतच नाही.

सोसायटीची सभासद यादी, वधू-वर मेळाव्याची पुस्तिका असली पीडीएफ साइटवर चढली की बॉट, म्हणजे आपोआप साइट्स धुंडाळणारा प्रोग्राम, त्यात '@' शोधतो आणि आजूबाजूची अक्षरं उचलतो. '@' ऐवजी 'अ‍ॅट' लिहिणं आता पुरत नाही, बॉट तेही ओळखतात. संपर्कासाठी पत्ता न छापता फॉर्म ठेवा. पन्नास जणांना एकच मेल पाठवताना पत्ते 'बीसीसी'त टाका, तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत. 'टू'मध्ये टाकलेत आणि एकाच्या संगणकात व्हायरस असला, तर पन्नासही पत्ते गेले.

सगळ्यांत चीड आणणारी वाट म्हणजे आपण विश्वासाने पत्ता दिलेल्या कंपनीचा डेटा फुटणं. यात आपली काहीच चूक नसते. जानेवारी २०१९ मध्ये 'कलेक्शन #१' नावाच्या एकाच गठ्ठ्यात ७७ कोटींहून जास्त पत्ते सापडले. आपला पत्ता अशा गठ्ठ्यांत आहे का, हे संगणक सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन प्वन्ड' या साइटवर फुकट कळतं. तिथे फक्त पत्ता टाका. सापडला, तर ज्या साइटचं नाव दिसेल तिथला पासवर्ड लगेच बदला; तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही.

पुढे कोण फोडतं ते पकडायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी खूण द्या. जीमेलमध्ये '@'च्या आधी अधिक चिन्ह आणि एक शब्द जोडा: कापडवाल्याला 'नाव+कापड', विम्याला 'नाव+विमा'. मेल तुमच्याच खात्यात येतात. लॉटरीचा मेल 'नाव+विमा'वर आला की कुठून फुटलं ते कळलं. मात्र काही फॉर्म अधिक चिन्ह घेत नाहीत, आणि हुशार स्पॅमवाले '+'पासूनचा भाग कापून मूळ पत्ता काढतात. तिथे फायरफॉक्स रिलेसारखी सेवा वापरा. ती वेगळाच पत्ता देते, फुकट पाचपर्यंत, आणि त्रास सुरू झाला की तेवढाच बंद करता येतो.

अनोळखी स्पॅममधल्या 'अनसबस्क्राइब'वर बोट ठेवू नका, पत्ता चालू असल्याची ती पावतीच ठरते. मेलमध्ये दडवलेलं एक पिक्सेलचं चित्र उघडलं तरी तेच होतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे, तो निवडा आणि खाली जाऊन 'सेव्ह' दाबा. ते राहिलं तर बदल लागू होत नाही.