‘वऱ्हाडी’ मधला ऱ, फुटलेली वेलांटी आणि थकलेले पैसे: गावातून डिझाइनचं काम करता तर या चुका टाळा

एप्रिल महिना, लग्नाचा सीझन, दिवसातून दोनदा लाइट जाऊन राहिली होती आणि मी एका पत्रिकेची फाइल घाईघाईत तालुक्याच्या प्रेसला पाठवून दिली. ४०० पत्रिका छापून आल्या. मुलीच्या मामांनी एक हातात घेतली, दारात उजेडाला धरून वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "भाऊ, आपल्याच वऱ्हाडाचं नाव चुकवलं ना राजा." ‘समस्त वऱ्हाडी मंडळी’ पाह्यजे होतं आणि छापलं होतं ‘वर्हाडी’, रफार ह च्या डोक्यावर. पूर्ण लॉट परत छापला, कागद आणि छपाई माझ्या खिशातून गेली, आणि मामांचा तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून पहिले अक्षरांचंच सांगतो, कारण आपल्याकडे नव्या पोरापोरींचं सगळ्यात जास्त काम इथंच बिघडते. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या दिवशी’ यातला ऱ वेगळा आहे. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर साधा र इंग्रजी जे (J) च्या कीवर आहे आणि हा ऱ शिफ्ट दाबून त्याच कीवर, मग हलंत (पाय मोडायची खूण) आणि पुढचं अक्षर. कृषी केंद्राच्या प्रत्येक बॅनरवर शेतकऱ्यांचा उल्लेख असतोच, त्यामुळे ही एक की बोटात बसवून घ्या.

दुसरं म्हणजे वेलांटी. फोटोशॉपमध्ये ‘विवाह’ टाइप केलं आणि पहिली वेलांटी व च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसली, जोडाक्षर फुटून हलंत दिसायला लागला, तर फॉन्टला दोष देऊ नका, सेटिंग चुकलेली असते. जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडायचं, नव्यात पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असते, इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’. एवढं केलं की अक्षरं जागेवर येतात. मी अशी पोट्टी पाहिली आहे जी प्रत्येक वेलांटी वेगळी टाइप करून हातानं उचलून ठेवतात, दोन-दोन तास घालवतात, जीव तुटते पाहून.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यातला जुना मजकूर युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसतो, तो व्हॉट्सअॅपवर टाकला की भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ अन् ओळ वाचा, कन्व्हर्ट करताना काना-मात्रा इकडं-तिकडं होतातच. फॉन्टसाठी चोरीच्या फाइल शोधायची गरज नाही, मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि धंद्याच्या कामालाही चालतात.

प्रेसला फाइल पाठवताना

आपला फॉन्ट प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. कोरलड्रॉमध्ये मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारा, कर्व्ह करा म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही, आणि प्रेसकडे जे जुनं व्हर्जन आहे त्यात सेव्ह करून द्या. पण एडिट होणारी मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवा, कारण मुहूर्ताची वेळ शेवटच्या दिवशी बदलतेच. फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा नाहीतर दाबून बारीक होऊन येतात.

पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी बाहेर सोडलेला जास्तीचा भाग. बारीक काळा मजकूर फक्त के १०० (नुसती काळी शाई) ठेवा, चार रंगांचा काळा केला आणि छपाई केसभर सरकली की अक्षराला रंगीत सावली येते. आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनवरचा, चमकता पोपटी हिरवा कागदावर मळकटच येणार, हे दुकानदाराला आधी सांगून ठेवा. आणि फ्लेक्सला ३०० डीपीआय लावू नका. १० बाय ८ फुटाचा फ्लेक्स ३०० नं केला तर ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल होते, फोटोशॉपची पीएसडी ३०,००० च्या पुढं सेव्ह होत नाही, मशीन हँग होते आणि तेवढ्यात लाइट गेली की सगळंच गेलं. फ्लेक्स दुरून पाहतात, ७२ पुरते.

बचत गटाच्या तिखट-पापडाचं लेबल करत असाल तर नुसतं सुंदर करून भागत नाही. १४ आकडी एफएसएसएआय (खाद्यपदार्थाच्या परवान्याचा) नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, यासाठी जागा पहिले सोडा आणि मग बाकीची नक्षी काढा. ताईंनी पैसे जमवून पाकिटं छापलेली असतात, नंतर स्टिकर चिटकवत बसायची पाळी त्यांच्यावर येते.

पैशाचं

"कापूस निघाला की देतो" हे आपल्याकडं खोटं नसते, माणसाजवळ खरंच तेव्हाच पैसा येते. पण प्रेसवाला कापसाची वाट पाहत नाही. म्हणून छपाईचा पूर्ण खर्च आणि डिझाइनचे अर्धे आधी घ्या, आपली उरलेली मजुरी पाह्यजे तर थांबवा. किती वेळा बदल करून देणार तेही व्हॉट्सअॅपवर लिहा, मी ‘दोनदा’ असं लिहितो, आणि फायनल प्रूफवर ‘ओके, छापा’ असं उत्तर आल्याशिवाय फाइल सोडत नाही. मोठ्या कंपनीचं काम करत असाल तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या, आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं नोंदणी असलेल्याचं पेमेंट ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करावं लागते, उशीर झाला तर व्याजही मागता येते.

वेबसाइटचं थोडं

आपल्या वायफायवर नाही, गिऱ्हाइकाच्याच साध्या फोनवर, एसटी स्टँडवर उभं राहून उघडून पाहा. फोटो स्क्वूश नावाच्या फुकट साइटवर वेबपी (वेबसाठीचा हलका फोटो प्रकार) करून घेतले की केवढातरी फरक पडते. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जास्तीची जागा) देऊ नका, शिरोरेषा तुटते, आणि लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) कमी ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. पेजच्या कोडमध्ये भाषा एमआर (mr, म्हणजे मराठी) लिहा, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मग मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही.

गिऱ्हाइकाचं डोमेन (साइटचा पत्ता) कधीच आपल्या नावावर घेऊ नका. मी पहिल्या वर्षी घेतलं होतं, रिन्यूअलचा मेल माझ्या जुन्या आयडीवर येऊन पडला आणि एका जिनिंगवाल्या काकांची साइट ऐन खरेदीच्या हंगामात बंद पडली. आता डोमेन त्यांच्या नावावर, त्यांच्या मेलवर घेतो आणि रिन्यूअलची तारीख त्यांच्याच ऑफिसातल्या कॅलेंडरवर पेनानं लिहून येतो.