चॅट्सवर्थचा नाताळ : निघण्याआधी काय काय करायचं

दिवाळीचा फराळ संपायच्या आत तिकिटं काढून ठेवा. इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाउस, म्हणजे एका सरदार घराण्याचं जुनं, वाड्यासारखं भलंमोठं घर, साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत नाताळासाठी सजलेलं असतं, आणि डिसेंबरातले शनिवार-रविवार त्याच्या कितीतरी आधी भरतात. प्रवेशाची वेळ ठरवून घ्यावी लागते. तीन-चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर सगळ्यांची तिकिटं एकाच व्यक्तीने एकाच वेळी काढावीत. आम्ही पहिल्या वर्षी आपापली काढली. एका कुटुंबाला साडेदहाची वेळ मिळाली, दुसऱ्याला दीडची, आणि एकत्र जायचं म्हणून निघालेले आम्ही दिवसभरात जेमतेम अर्धा तास एकत्र होतो. पार्किंगचं काय, तेही तिकिटासोबतच बघून घ्या. सुटी मिळत असेल तर मधला वार निवडा. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना गर्दीत पावलं मोजत चालायला लागू नये, एवढ्यासाठी तरी.

वेळ ठरवताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. डिसेंबरच्या मध्यावर इथे चारच्या आतच सूर्य मावळतो. घर बघायला दीड-दोन तास लागतात. वडीलधारी मंडळी आणि लहान मुलं सोबत असतील तर अकराच्या आसपासची वेळ घ्यावी, म्हणजे बाहेर आल्यावर नदीकाठचा परिसर उजेडात बघता येतो. फक्त मित्रमंडळी असाल तर दुपारची उशिराची वेळ घ्या. बाहेर पडता पडता अंधारून येतं, आवारातले दिवे लागतात, आणि ते दृश्य मला स्वतःला आतल्या सजावटीइतकंच आवडतं.

मँचेस्टरहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री हवामान बघितल्याशिवाय झोपू नये. बर्फ पडला की स्नेक पास हा घाटरस्ता बंद होतो, मग बक्स्टन-बेकवेलच्या बाजूने यावं लागतं आणि वेळ वाढतो. लेस्टर-नॉटिंगहॅमकडून येणाऱ्यांना एम-वन महामार्ग सोडून चेस्टरफील्ड, बॅसलो असं यायचं आहे, तो रस्ता सोपा. गाडी नसेल तर चेस्टरफील्डपर्यंत रेल्वे आणि पुढे बस किंवा टॅक्सी, पण परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच लिहून घ्या. चॅट्सवर्थच्या हद्दीतल्या रस्त्यांना कुंपण नाही. मेंढ्या बिनधास्त आडव्या येतात, अंधारात त्या दिसत नाहीत, तेव्हा वेग अगदी कमी ठेवा. या डोंगराळ भागात मोबाइलची रेंज मधेमधे जाते, म्हणून तिकिटं फोनमध्ये उतरवून घ्या आणि एकमेकांना कुठे भेटायचं ते घरूनच ठरवा. आम्ही घोड्यांच्या जुन्या पागेचं आवार ठरवतो. १७६०च्या दशकातली ती दगडी इमारत लांबूनही ओळखू येते, आणि आता तिथे खाण्यापिण्याची सोय आहे.

कपड्यांबद्दल नवख्यांना हमखास सांगावं लागतं. रांगेत बोचरा वारा, आत ऊब आणि माणसांची दाटी. एकच जाड स्वेटर घातला तर आत घामाने जीव नकोसा होतो. थर्मल, त्यावर पातळ लोकरीचं काही आणि वर समोरून उघडणारं जाकीट, असं घाला. कोणाला साडीच नेसायची हौस असेल तर जरूर नेसा, आत साखळदिव्यांच्या उजेडात रेशीम फार छान दिसतं, पण आतून थर्मल आणि पायात मोजे-बूट हवेतच. टोकदार टाचांच्या चपला नकोत, जुन्या जमिनीला त्या खड्डे पाडतात. पाठीवरच्या मोठ्या सॅक गाडीतच ठेवा. अरुंद जागी मागे वळताना त्या कशाला लागतील सांगता येत नाही. कोणाचे गुडघे दुखत असतील किंवा चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करून लिफ्टचं आणि वाटेचं विचारून घ्या. बाबागाडीचंही तसंच.

आता खाणं. याकडे मी जरा जास्त लक्ष देते, कारण आमच्यात दोघं पक्के शाकाहारी आहेत आणि एकाच्या आईला अंडंही चालत नाही. नाताळात जिकडेतिकडे मिन्स पाय दिसतात. आत मनुका, सुकामेवा आणि मसाला असतो, मांस नसतं, पण पारंपरिक कृतीत गाईची चरबी घालतात, तिला सूएट म्हणतात. ख्रिसमस पुडिंगमध्येही तीच. हल्ली वनस्पतीजन्य सूएट सर्रास वापरतात, म्हणून पाकिटावर शाकाहारी असल्याची खूण शोधा, खूण नसेल तर विचारा. ब्रँडीही असू शकते. मुलांच्या हॉट चॉकलेटवरच्या मार्शमेलोत बहुतेक वेळा जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. बेकवेल गाव इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि तिथलं बेकवेल पुडिंग खाल्ल्याशिवाय परतू नये असं माझं ठाम मत आहे, पण त्यात अंडं असतंच. ज्यांना यातलं काहीच चालत नाही त्यांच्यासाठी डबा हवा : तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडे लाडू. थर्मासमध्ये आल्याचा चहा. डबा गाडीशी उघडा, घरात काही खाता येत नाही.

एवढी तयारी बहुतेक जण करतात. करायची राहते ती वाचायची तयारी. सजावटीची कल्पना दरवर्षी बदलते, दिवे, झाडं, देखावे नवे असतात, आणि सगळ्यांचा वेळ त्यांच्यासमोर फोटो काढण्यात जातो. घर मात्र तेच असतं, आणि ते सजावटीच्या मागे झाकलं जातं. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाने घराबद्दलची एक गोष्ट वाचून यायची आणि त्या दालनात पोचल्यावर इतरांना सांगायची, असा नेम आम्ही केला आहे. मुलंसुद्धा करतात.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पेंटेड हॉलच्या भिंती आणि छतावर लुई लागेर या चित्रकाराने ज्युलियस सीझरचं आयुष्य रंगवलं आहे. खाली नाताळाचं झाड लखलखत असतं तेव्हा मान वर करायचं कोणाला सुचत नाही, म्हणून मी आत शिरतानाच सांगते, आधी वर बघा. मोठ्या जेवणघरात १८३२ साली तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया पहिल्यांदा मोठ्यांच्या औपचारिक पंगतीला बसली. इंग्लंडमध्ये घरात झाड सजवायची रीत तिने आणि तिच्या नवऱ्याने, आल्बर्टने, घरोघरी पोचवली. राजवाड्यातल्या झाडाभोवती उभ्या असलेल्या त्या कुटुंबाचं चित्र १८४८ साली एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि मध्यमवर्गीय घरांनी ते उचललं. वरची दालनं त्या वर्षी खुली असतील तर संगीताच्या दालनात अर्धवट उघडं दार शोधा. मागच्या दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसतं. ते रंगवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे, १९३९ ते १९४६, वेल्समधली मुलींची एक अख्खी शाळा इथे राहायला होती आणि याच दालनांत ओळीने खाटा मांडलेल्या असायच्या. सोबतच्या शाळकरी मुलींना हे सांगून बघा, त्या घराकडे वेगळ्याच नजरेने बघू लागतात.

पण आमच्या गटात कायम राहिलेली गोष्ट केळीची आहे. एका मैत्रिणीचे वडील रावेरकडचे, जन्म केळीच्या बागेत गेलेला. ते आले त्या वर्षी मी मुद्दाम ही गोष्ट वाचून गेले. चॅट्सवर्थच्या सरदार घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३०च्या दशकात इथल्या काचघरात मॉरिशसमार्गे आलेली, मूळची चीनकडची बुटकी केळ वाढवली, फळाला आणली, आणि तिला मालकाचं नाव मिळालं. जळगावची बसराई म्हणजे हीच बुटकी कॅव्हेंडिश, आणि आज खानदेशात सगळीकडे लावलेली ग्रँड नैन त्याच कुळातली. हे ऐकून काका जागेवरच थांबले. झाडाकडे, दिव्यांकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही. "इतक्या थंडीत घड कसा धरला असेल?" एवढंच त्यांनी विचारलं. मग पॅक्स्टनने पुढे १८३६ ते १८४१मध्ये बांधलेल्या भल्यामोठ्या काचघराबद्दल सांगितलं : जमिनीखाली कोळशाच्या आठ भट्ट्या, अकरा-एक किलोमीटर लांबीचे गरम पाण्याचे नळ. पहिल्या महायुद्धात त्यासाठी कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि १९२० साली ते पाडलं. आता त्या जागी झाडांच्या कुंपणाचा भूलभुलैया आहे. याच पॅक्स्टनने १८५१ साली लंडनचा क्रिस्टल पॅलेस हा काचेचा प्रदर्शन-महाल उभारला. काका परतीच्या वाटेवर पाण्याचा निचरा, खोडाला आधार, फणीचं वजन असं बोलत राहिले. मुलीने त्यांना इतकं बोलताना इंग्लंडात पहिल्यांदाच ऐकलं होतं. तुमच्यासोबत जळगाव, वसमत, अर्धापूरकडचं कोणी येणार असेल तर ही गोष्ट पाठ करून जा.

ड्यूकने १८३५मध्ये आपला एक माळी, जॉन गिब्सन, झाडं गोळा करायला थेट भारतात पाठवला होता, हेही वाचून ठेवण्यासारखं आहे. तो खासी टेकड्यांपर्यंत जाऊन १८३७मध्ये परतला.

फोटोंबद्दल दोनच सूचना. फ्लॅश बंद ठेवा. आणि सगळ्यांचा एकत्र फोटो आत काढण्याच्या भानगडीत पडू नका, मागची रांग अडते. तो बाहेर पुलावरून काढा, मागे डर्वेंट नदी आणि सगळं घर येतं. त्यासाठी पावणेचारच्या आत तिथे पोचायला हवं.

गाडीत छोटी टॉर्च, बर्फ खरवडायची पट्टी, एक जास्तीचं ब्लँकेट आणि मुलांचे कोरडे मोजे असू द्या. पार्किंगची जागा गवताची असेल तर पावसानंतर चिखल होतो, बूट बदलायला पिशवी लागते. जवळच्या पिलस्ली गावात चॅट्सवर्थचंच शेतमालाचं दुकान आहे, चीज आणि लोणची तिथून घेता येतात, पण ते बंद व्हायच्या आत जायचं असेल तर आधी घर, मग दुकान, आणि बेकवेल सगळ्यात शेवटी.