नवा पदार्थ करून बघताय? आधी या चुका टाळा

‘माझ्या हाताला चवच नाही’ असं म्हणून कितीतरी जण नवा पदार्थ करायचं सोडून देतात. व्हिडिओत जाळीदार दिसलेला ढोकळा घरी दडस होतो, चकली तेलात विरघळते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, विकत आणू.’ मला हे फार खटकतं, कारण दोष हाताचा क्वचितच असतो. कृती सांगणाऱ्याची वाटी वेगळी असते, तांदूळ वेगळा असतो, त्यांच्या गावची हवा वेगळी असते. ती कृती आपण आहे तशी आपल्या ओट्यावर उतरवायला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. पुण्यातल्या घरांमध्ये ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात त्या इथे लिहिते आहे. सोबत काही घरगुती गमतीही आहेत, कारण पदार्थ नेमका कुठे फसला ते बऱ्याचदा त्या गमतीतूनच कळतं.

वाटी कुठली, कप कुठला?

माझा भाचा कर्वेनगरला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. ‘एक कप रवा, तीन कप पाणी’ एवढं वाचून त्याने उपमा करायला घेतला. रवा मोजला कटिंग चहाच्या ग्लासने आणि पाणी मोजलं कॉफीच्या मगाने. थोड्या वेळाने फोन आला, “मावशी, उपमा प्यायचा असतो का गं?” मागे त्याचे मित्र खिदळत होते. शेवटी त्यावर शेव-फरसाण घालून पोरांनी तो चमच्याने संपवला, आणि पुढच्या रविवारी ग्लास एकच ठेवून पुन्हा केला. तो छान मोकळा झाला.

उपमा, शिरा, ढोकळा हे प्रमाणावर चालणारे पदार्थ आहेत. भांडं कुठलंही घ्या, पण सगळं त्याच एका भांड्याने मोजा. केक, नानकटाई, पाव यांचं तसं नाही. पुस्तकातला किंवा व्हिडिओतला कप बहुतेक वेळा 240 मिलिलिटरचा असतो, मोठा चमचा 15 चा आणि छोटा 5 चा. आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते आणि प्रत्येक घरची निराळी. शिवाय मैदा हलक्या हाताने भरला तर त्या कपात साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो, दाबून भरला तर 150 पर्यंत जातो. एवढ्या फरकाने केक कोरडा होतो. बेकिंग खरोखर आवडत असेल तर बोहरी आळीत जाऊन एक छोटा डिजिटल काटा घ्या. चार साचे घेण्याआधी काटा घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

नाव एकच, माल वेगळा

पुण्यात घराघरात इंद्रायणी तांदूळ असतो. आंबेमोहोराच्या कुळातला, मऊ, थोडा चिकट, वरण-भाताला उत्तम. पण बासमतीसाठी लिहिलेली पुलावाची कृती त्याला लावली, एकाला दोन पाणी घातलं की मसालेभाताचा गोळा ठरलेला. पुलाव इंद्रायणीचाच करायचा असेल तर तांदूळ धुऊन निथळत ठेवा, तुपावर चांगला परता, पाणी दीडपटीच्या आसपास ठेवा आणि शिजल्यावर झाकण काढून वाफ जाऊ द्या. तरीही तो बासमतीसारखा सुटा होणार नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका.

मसाल्याचंही तेच. ‘दोन चमचे काळा मसाला’ म्हणजे कुठला? काही घरांमध्ये गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, तर काही घरांत तो चांगला झणझणीत असतो. गोड्या मसाल्याच्या हिशेबाने चिंच-गुळाच्या आमटीत झणझणीत मसाला पडला तर घरातली मुलं पाण्याचा तांब्या जवळ घेऊन जेवतात. तिखटही तसंच: बेडगी रंग देते, लवंगी जाळ काढते. नवीन पुडा फोडला की आधी पाव चमचाच घाला आणि चव बघा.

साबुदाण्यावर मात्र जरा थांबते, कारण उपासाच्या दिवशी सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, पण प्रत्येक पोत्यातला दाणा सारखा नसतो. कुठला दोन-तीन तासांत भिजतो, कुठल्याला रात्रभर लागते. म्हणून ‘चार तास भिजवा’ या सूचनेवर विसंबू नका. पांढरं पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवा. दाणा बोटांत धरून दाबा. मधे टणक कण न लागता पूर्ण चिरडला तर भिजला. कण लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी झाकून ठेवा. दाण्याचं कूट, मीठ, साखर कढईत टाकण्याआधीच साबुदाण्याला चोळून घ्या, म्हणजे कूट दाण्याभोवती बसतं आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. परतताना एक-दोन वाफा पुरेत. दाणे काचेसारखे दिसायला लागले की गॅस बंद. ‘अजून थोडं’ म्हणून झाकण ठेवलं की तिथेच लगदा होतो.

हळद आणि सोडा

आमच्या सोसायटीत एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी पहिल्यांदाच ढोकळा केला. फुगला छान, पण कापला तर आत सगळीकडे लाल ठिपके. काकू कासावीस झाल्या. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अगं, ढोकळ्यालासुद्धा हळदीकुंकू लावलंस की!” सगळा हॉल हसला, काकूही हसल्या, आणि ताट रिकामं झालं.

आजींचं बोलणं शास्त्राला धरूनच होतं. हळदीतलं रंगद्रव्य क्षाराच्या संपर्कात आलं की लाल होतं. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. ढोकळ्यात खायचा सोडा क्षाराचं काम करतो. पिठात सोड्याची गुठळी राहिली की तिच्याभोवती हळद लाल होते. उपाय सोपा आहे. हळद अगदी चिमूटभर घ्या आणि आधी पिठात पूर्ण विरघळवा. लिंबाचा रस किंवा आंबट ताक असू द्या. सोडा चाळून, सर्वांत शेवटी घाला आणि एकाच दिशेने झटपट फेटा.

‘शेवटी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सोडा आणि आंबट पदार्थ भेटले की लगेच वायू सुटायला लागतो. पीठ फेसाळलं म्हणून आनंदाने फोटो काढत बसलात तर तो वायू ओट्यावरच उडून जातो. पाणी आधी उकळायला ठेवा, थाळीला तेल लावून ठेवा, मग सोडा. आणि सोड्याऐवजी बेकिंग पावडर तेवढीच घालू नका. सोडा तिच्या साधारण तिप्पट जोरकस असतो, त्यामुळे उलटी अदलाबदल केली तर केकला साबणासारखी चव येते.

हवा आणि वार

इडलीचं पीठ रात्री आठ तास ठेवलं की फुगतं, असं चेन्नईची मैत्रीण सांगेल. ते पुण्यात मे महिन्यात खरं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि ओट्यावर ठेवलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं सापडतं. मग लोक त्यात सोडा घालतात आणि इडली कडवट लागते. थंडीत बारा-पंधरा तास धरूनच चाला. डाळ-तांदूळ कोमट पाण्याने वाटा, भिजवताना थोडी मेथी घाला आणि भांडं बंद ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून ठेवा. फक्त ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा. नाहीतर सकाळी कुणीतरी टोस्टसाठी ओव्हन तापवायला लावतं.

केक करायचा असेल तर गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचं तर पुण्यात बहुधा गुरुवारच निवडला जातो, आणि अर्धवट भाजलेला केक वीज आल्यावर सावरत नाही. ओव्हन 180 अंशांवर किमान दहा मिनिटं आधी तापवा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडू नका, मुलं कितीही काचेला नाक लावून उभी असली तरी. दुप्पट मिश्रण एकाच खोल डब्यात ओतू नका, कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं. दोन डबे घ्या.

पहिलाच प्रयोग आणि तोही नैवेद्याला

ही चूक मला सर्वांत मोठी वाटते. उकडीचे मोदक आयुष्यात पहिल्यांदा थेट गणेश चतुर्थीच्या सकाळी करायचे, अनारसे थेट धनत्रयोदशीला. पाहुणे यायचे असतात, आरती खोळंबलेली असते, आणि पारी चिरत असते. आधीच्या एखाद्या निवांत दुपारी चार मोदकांपुरती उकड काढून बघा. ताज्या पिठाला एकास एक पाणी पुरतं, जुनं पीठ जास्त पितं. उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळली नाही तर पारीला तडे जातात.

अनारशाचा पसारा मोठा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत कपड्यावर पसरायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ मिसळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे पसरून विरघळायला लागला, तर डोळ्यांत पाणी येतं. माझ्या वहिनीचा पहिला अनारसा असा हसला तेव्हा तिच्या सासूबाई शेजारी बसून होत्या. त्या म्हणाल्या, “हसू दे त्याला. तू रडू नकोस. पीठ आण इकडे.” गूळ जास्त झाला होता. त्यांनी मूठभर तांदळाचं पीठ मिसळलं, एकच गोळी थापून तुपात सोडली आणि जाळी पडलेली पाहूनच पुढचे केले.

तो एक अनारसा आधी तळून बघणं, हीच खरी युक्ती आहे. चकलीचंही तसंच. एक चकली तळा. तेलात सुटली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. कडक झाली तर मोहन कमी पडलंय किंवा पीठ घट्ट आहे. अनारसा कडक होत असेल तर पिठात थोडं पिकलेलं केळं किंवा दुधाचा हात लावा. तळताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं, आच मंद.

हसायचं कशावर

निवृत्तीनंतर माझ्या सासऱ्यांनी स्वयंपाक शिकायला घेतला. पोह्यांच्या दिवशी त्यांनी पोहे साबुदाण्यासारखे तासभर भिजत घातले. सासूबाई फिरून आल्या तर पातेल्यात पांढरा लगदा. बाबा शांतपणे म्हणाले, “चांगले भिजलेत, बघ!” त्या लगद्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, थोडं बेसन घालून आम्ही तव्यावर वडे लावले, आणि आता बाबा मुद्दाम पोहे भिजवून तेच वडे करतात. हा किस्सा पाहुण्यांना ते स्वतःच रंगवून सांगतात. (पोहे चाळणीत धरून नळाखाली फक्त धुवायचे आणि निथळायचे, हेही लगेच सांगतात.)

त्याऐवजी त्या पातेल्याचा फोटो कुणी बाबांना न विचारता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला असता, तर ते पुन्हा गॅसपाशी आले असते असं मला वाटत नाही. नवी सून, शाळकरी मुलगी, नुकता एकटा राहायला लागलेला मुलगा यांच्या बाबतीत हे फार जपायला हवं. गंमत पदार्थाची करा, माणसाची नको. सांगायची झाली तर ज्याने केलं त्याला आधी सांगू द्या.

बिघडलंच तर

गुळाची खीर फाटते, कारण उकळत्या दुधात गूळ पडतो. गॅस बंद करून खीर जरा निवल्यावर गूळ घाला. दूध फाटलंच तर ते पूर्ववत होत नाही. शेवया-तांदूळ पडायच्या आधी फाटलं असेल तर आटवून कलाकंदासारखी वडी करता येते.

आमटी खारट झाली तर बटाटा टाकून मीठ ‘ओढलं’ जात नाही. बटाटा पाण्यासकट जेवढं मीठ शोषतो तेवढंच कमी होतं. बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी वाढवा, मग चिंच-गूळ पुन्हा जुळवा.

पुरण सैल झालं तर घाईने कणकेत भरू नका, पोळी फुटेल. जाड बुडाच्या कढईत परत आटवा. उलथनं मधोमध सरळ उभं राहिलं की झालं.

चिकट झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीत उकडलेला बटाटा कुस्करा आणि वडे थापा. खाली बसलेला केक पूर्ण भाजला गेला असेल तर चुरून, थंड कस्टर्ड आणि फळं घालून वाट्यांमध्ये भरा. आणि कृतीच्या शेजारी त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवा: कुठला तांदूळ होता, कुठली वाटी, पाणी किती लागलं, आणि खाताना कोण काय म्हणालं.