परवान्यांचे अर्ज भरण्याआधी पत्ता एकसारखा करून घ्या

मसाले-पापडाचा छोटा कारखाना काढताना अर्ज बरेचदा अडतो तो पत्त्यावर. लाइट बिलावर ‘गाळा नं. ४’, भाडेकरारात ‘शॉप ४’, की आली क्वेरी!

१. लाइट बिलावरचा पत्ता पिनकोडसकट जसाच्या तसा मोबाइलच्या नोट्समध्ये उतरवून ठेवा.
२. भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र त्याच शब्दांत करून घ्या.
३. मग उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना), लागत असेल तर जीएसटी, सगळीकडे तोच पत्ता कॉपी-पेस्ट. नावही पॅन कार्डावर आहे तसंच. ‘राव’, ‘भाऊ’ जोडू नका.

उद्यम नोंदणीला फी शून्य. गूगलवर वरच दिसणाऱ्या जाहिरातींतल्या काही साइट्स सरकारी वाटतात नि पैसे उकळतात, म्हणून साइटच्या नावाच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ (gov.in) आहे ना, हे बघूनच आधार नंबर टाका.