सेंद्रिय भाजीवर पैसे घालताना या चुका टाळा

दर काही महिन्यांनी एकच प्रश्न फिरून येतो: "सेंद्रिय भाजी घ्यावी का? परवडत नाही, पण घरात लहान मूल आहे." उत्तरंही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, सगळं सेंद्रियच आणा. दुसरा म्हणतो, सगळी लुबाडणूक आहे. पुण्यात आमच्या भागातल्या काही घरांसाठी शेतकऱ्यांकडून थेट भाजी मागवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्याच त्या चुका होताना बघते, आणि त्यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात याचं वाईट वाटतं.

जादा पैसे कुठे घालायचे हे पिकावरून ठरवा. त्या पिकावर फवारे किती होतात, फवारा बसतो तोच भाग आपण खातो का, आणि आपल्या घरी तो जिन्नस आठवड्यातून किती वेळा शिजतो, हे तीन प्रश्न पुरतात. लेबल त्यानंतर वाचायचं.

अमेरिकेची यादी आपल्या पिशवीला लावणे

"सर्वात विषारी बारा" आणि "सर्वात सुरक्षित पंधरा" अशा याद्या मराठीत भाषांतर होऊन फिरतात. मूळ याद्या एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या अमेरिकी संस्थेच्या. तिथल्या कृषी खात्याने तिथल्या बाजारातून घेतलेल्या नमुन्यांवर त्या बेतलेल्या असतात. त्यात स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, केल नावाची पालेभाजी अशी नावं असतात. केल आपल्यापैकी किती घरांत शिजते? आणि आपल्याकडे रोज लागणारी वांगी, भेंडी, फ्लॉवर, हिरवी मिरची यांचं काय? ती यादी वाचून एक ओळखीच्या ताई महागडी सेंद्रिय स्ट्रॉबेरी आणत होत्या, आणि घरात आठवड्यातून तीनदा होणारी भेंडी मात्र मिळेल तिथून.

आपल्याकडचं चित्र शेतात उभं राहून बघा. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. अळी एकदा फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच पुन्हा पुन्हा फवारतो. फ्लॉवर-कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग, मिरचीवर फुलकिडे, भेंडीवर तुडतुडे आणि पांढरी माशी. भेंडीची तोडणी एक-दोन दिवसांआड होते. औषध मारल्यावर काढणीपर्यंत थांबायचा जो काळ डब्यावर छापलेला असतो, तो पाळायला भेंडीत सवडच नसते. युरोपीय संघाने भारतातून जाणाऱ्या भेंडीवर आणि कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी जादा तपासणी लावली होती, ती उगाच नव्हे.

द्राक्षाचं तर विचारूच नका. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत केवडा आणि भुरी या रोगांची टांगती तलवार असते, अवकाळी पाऊस झाला की फवारण्या आणखी वाढतात. घड उघडा असतो आणि साल काढून कुणी खात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. निर्यातीच्या बागा अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट पद्धतीत नोंदवलेल्या असतात आणि त्यांचा माल प्रयोगशाळेत तपासूनच बाहेर जातो. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या द्राक्षाला अशी कुठलीच तपासणी नसते, पाटीवर "एक्स्पोर्ट क्वालिटी" लिहिलेलं असलं तरी. म्हणून मुलं द्राक्षं भरपूर खात असतील तर माझ्या मते जादा पैशाचा पहिला हक्क द्राक्षांचा. सेंद्रिय मिळाली नाहीत तर तपासणीचा अहवाल दाखवणाऱ्याकडची "रेसिड्यू फ्री" घ्या. ती सेंद्रिय नसतात. त्यांत रासायनिक औषधं वापरलेली असतात, पण अवशेष ठरावीक पातळीखाली आणलेले असतात. दोन्ही एकच समजून सेंद्रियचा भाव मात्र देऊ नका.

उलट बाजूला बघा. लाल भोपळा, कोहळा, सुरण, फणस, नारळ, केळी, अननस, शेवग्याच्या शेंगा, कांदा यांत एक तर वरची साल जाते किंवा मुळात फवारे कमी असतात. यांच्या सेंद्रिय प्रतीला दीडपट भाव देणं मला पटत नाही. तूर फवारली जाते, पण दाणा शेंगेत असतो आणि डाळ करताना टरफलही निघतं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत होणाऱ्या नाचणीला आणि सोलापूर-मंगळवेढ्याकडे जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या रब्बी ज्वारीला औषध फारसं लागतच नाही. तीच नाचणी चकचकीत पाकिटात भरून दुप्पट भावाने विकली जाते, आणि लोक ती आनंदाने घेतात.

शेत न बघता हंगामाचे पैसे आधी भरणे

आमच्या शेजारच्या एका सोसायटीत घडलेली गोष्ट. "सासवडजवळ आमचं दीड एकर आहे, सगळं सेंद्रिय" असं सांगत एक गृहस्थ टेम्पो घेऊन यायला लागले. बोलणं गोड, टोपल्या वेताच्या, भाजीवर पाणी शिंपडलेलं. तीन महिन्यांचे पैसे आधी भरले की सवलत. बऱ्याच घरांनी भरले. मला तिथल्या एका काकूंनी भाव बघायला बोलावलं तेव्हा मे महिना होता, आणि टोपलीत हिरवागार मटार. पुरंदरचा मटार मला माहीत आहे. पावसाळ्यात आणि थंडीत त्याची चव बघावी. मे महिन्यात पुण्यात जो ताजा मटार दिसतो तो बहुतेक हिमाचलकडून आलेला. शेजारीच फ्लॉवर, ढोबळी, गाजर, बीट, चार प्रकारच्या पालेभाज्या. ऐन उन्हाळ्यात, दीड एकरात, दर आठवड्याला दोन-तीन सोसायट्यांना पुरेल एवढं?

मी म्हटलं, "दादा, रविवारी आम्ही काही जण शेत बघायला येतो." ते म्हणाले, आता ऊन फार आहे, पाऊस झाला की या. पाऊस झाला, तेव्हा रस्ता खराब होता. मग एके दिवशी एका क्रेटच्या तळाला गुलटेकडी मार्केट यार्डातल्या एका गाळ्याची चिठ्ठी चिकटलेली निघाली, तारीख त्याच दिवशीची. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला नाही, फोन लागला नाही, आणि उरलेल्या हप्त्यांचे पैसे गेले ते गेलेच. यात सगळ्यात मोठं नुकसान खऱ्या शेतकऱ्याचं झालं. त्या सोसायटीत आता "सेंद्रिय" म्हटलं की कुणी दारात उभं करत नाही.

माझी सवय अशी आहे: नवीन शेतकऱ्याशी बोलताना मी आधी काय आहे ते विचारत नाही, या आठवड्यात काय नाही ते विचारते. खरा माणूस लगेच अडचणी सांगायला लागतो. "ताई, कोबी नाही. निम्मा अळीनं खाल्ला. निंबोळी अर्क दोनदा मारला, पण वरून पाऊस आला, धुऊन गेला. आता कामगंध सापळे लावलेत, बघू." (हे सापळे गंधाने नर पतंगांना ओढून पकडतात.) एवढं ऐकलं की मला निम्मी खात्री पटते. मग शेजारच्या बांधापलीकडे कोण काय फवारतं, रोपं कुठल्या नर्सरीतली, शेणखत घरचं की विकतचं, हे विचारते. ज्याच्याकडे सगळं आहे, बाराही महिने आहे आणि सगळ्यांचा आकार सारखा आहे, त्याच्याकडून मी घेत नाही.

प्रमाणपत्राबद्दलही दोन टोकाचे गैरसमज आहेत. पाकीटबंद मालावर "सेंद्रिय" लिहायचं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि पाकिटावर सेंद्रियचं सरकारी चिन्ह शोधायचं. एनपीओपीमध्ये बाहेरची संस्था तपासणी करते. पीजीएसमध्ये गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात, म्हणून ते लहान शेतकऱ्याला परवडतं. पीजीएस ग्रीन म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे. हे न बघता "नॅचरल", "विषमुक्त", "फार्म फ्रेश" अशा शब्दांवर पैसे घालू नका, त्यांतल्या कुठल्याच शब्दाने सेंद्रिय प्रमाणपत्राची हमी मिळत नाही. पण थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याला या प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. त्यामुळे कागद नाही म्हणून बांधावरच्या माणसाला लबाड ठरवणं हीसुद्धा चूकच.

भोकं पडलेली भाजी म्हणजे सेंद्रिय, हा समज

अळी दिसली की शेतकरी काय करतो? फवारतो. पानावरची भोकं तशीच राहतात आणि औषध त्यांच्यावर बसतं. भोक एवढंच सांगतं की किडा येऊन गेला.

गावठीचंही तसंच. गावठी कोथिंबीर, गावठी काकडी हे वाण आहेत. वाण गावठी असला तरी फवारा शहाण्णव कुळी रासायनिक असू शकतो. चवीसाठी गावठी जरूर घ्या, मीही घेते, पण त्याचा सेंद्रियशी संबंध जोडू नका.

काळा गूळ बघून भुलणे

गुऱ्हाळात रसाची मळी काढायला पूर्वीपासून भेंडीच्या झाडाचा चीक वापरतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. ते न घातलेला गूळ काळपट तपकिरी होतो, हे खरं. पण तो "बिगर केमिकल" गूळ झाला. त्याचा ऊस रासायनिक खतावर आणि तणनाशकावर वाढलेला असू शकतो. शिवाय जुना झालेला गूळही काळा पडतो. दुकानदाराला दोन वेगळे प्रश्न विचारा: ऊस कसा पिकवला, आणि गूळ करताना काय घातलं? माझ्या मते घरासाठी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं, आणि त्यासाठी सेंद्रियचा पूर्ण भाव द्यायची गरज नसते.

हळदीतही हाच घोळ होतो. तिथे खरी भीती रंगाच्या भेसळीची असते. हळकुंडं आणून दळून घ्या, सेंद्रिय असोत नसोत.

काही लहान चुका

द्राक्षावरचा आणि कोहळ्यावरचा पांढरट थर सरसकट औषध समजून घाबरणे. तो बहुतेक वेळा फळाचा नैसर्गिक थर असतो. औषधाचे डाग ठिपक्याठिपक्यांचे, ओघळल्यासारखे दिसतात.

सेंद्रिय आहे म्हणून न धुता खाणे. तिथे शेणखत, शेण-गोमूत्राचं जीवामृत, शेणस्लरी वापरलेली असते. पालेभाजी तर दोनदा जास्त धुवा.

कढीपत्ता विकत घेणे. कुंडीत लावा. सुरुवातीची वर्षं वाढ मंद असते, तेवढा धीर धरा.

पावसाळ्यात पालकासाठी धडपडणे. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली येतात. रानातली भाजी, फवारा नाही. पालघर-कर्जतकडून येणाऱ्या बायका भाजी कशी करायची तेही सांगतात. शेवळं घेतलीत तर काकडं ही आंबट रानफळंही मागून घ्या, नाहीतर घसा खवखवेल.

धुण्यावर फाजील विश्वास, किंवा अजिबात नसणे

महागडी भाजी धुण्याची द्रावणं मी घेत नाही. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर प्रयोग झाला. लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन औषधं निघून गेली. पण त्या दोन्ही औषधांचा काही भाग सालीच्या आत मुरलेला होता, तो धुऊन गेला नाही. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातूनच फिरतात, त्यांना कुठलंच पाणी पोचत नाही. म्हणून टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची मी सोड्याच्या पाण्यात ठेवून हाताने चोळून धुते, आणि भेंडी, वांगी, मिरची, द्राक्षं यांच्यासाठी जादा पैसे राखून ठेवते.

एकदम सगळं बदलणे, आणि परवडत नाही म्हणून भाजीच कमी करणे

उत्साही माणसं पहिल्या महिन्यात डाळ, तांदूळ, तेल, भाजी, सगळं सेंद्रिय आणतात. दुसऱ्या महिन्यात बिल बघतात, तिसऱ्या महिन्यात सगळं बंद. मला या घाईचा राग येतो, कारण शेतकऱ्याने यांच्या भरवशावर वाफे लावलेले असतात. वर्षभर टिकेल एवढंच सुरू करा, दोन जिन्नस पुरे. त्या शेतकऱ्याला दर आठवड्याला घेणारं गिऱ्हाईक मिळतं आणि तुम्हाला त्याचं शेत कळायला लागतं.

याहून वाईट म्हणजे "विष खाण्यापेक्षा कमी खाऊ" म्हणत भाजीच आटवणारी घरं. केंद्रीय कृषी खात्याच्या देखरेखीत २०१४-१५ साली खाण्याच्या जिनसांचे २०,६१८ नमुने तपासले गेले. १८.७ टक्क्यांत अवशेष सापडले, मर्यादेबाहेर गेलेले २.६ टक्के होते. त्यातच १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली कीटकनाशकं सापडली, म्हणून निवड करायला हवी हे मी सांगते. पण त्या भीतीने मुलाच्या डब्यातली भाजी काढून बिस्किटं भरणं याला माझ्याकडे काहीही समर्थन नाही. साधी भाजी स्वच्छ धुऊन, भरपूर द्या.

आमच्याकडची घरं साधारण असं करतात: भाजीच्या खर्चातला एक हिस्सा बाजूला ठेवतात आणि त्यातून भेंडी किंवा वांगी, एक पालेभाजी, मिरची आणि हंगामात द्राक्षं एवढंच ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतात. बाकी सगळं मंडईतून. पालेभाजी त्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची एवढीच मागवा. फ्रीजमध्ये पिवळी पडून कचऱ्यात गेलेली सेंद्रिय मेथी ही घरातली सगळ्यात महाग भाजी ठरते.