जुन्या स्पोर्ट्‌स कार्डांसाठी ग्रेडिंग कंपनी कशी निवडावी

ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासते, त्याच्या स्थितीला दहापैकी आकडा (ग्रेड) देते आणि ते लेबल लावलेल्या बंद प्लास्टिक चौकटीत (स्लॅब) परत पाठवते. कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न नंतरचा. आधी कार्डातली खोट शोधा, कारण कंपनी त्यावरूनच ठरते.

कार्ड स्लीव्हमधून (पातळ प्लास्टिक पाकिटातून) काढा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली चारही कोपरे पाहा. मग खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड आडवा टाका. समोरून न दिसणारी बारीक घडी अशा उजेडात लगेच उठून दिसते, आणि सातचं वाटणारं कार्ड तिच्यापायी चार-पाचवर येतं. त्यानंतर माप घ्या. टॉप्स कंपनीची १९५२ ते १९५६ ची नेहमीची बेसबॉल कार्डं २ ५/८ बाय ३ ३/४ इंचांची, १९५७ पासूनची २ १/२ बाय ३ १/२ इंचांची. माप कमी भरलं आणि कड नव्यासारखी धारदार दिसली, तर ती कापलेली असू शकते. अशा कार्डाला आकडा मिळत नाही, फी मात्र बहुधा जाते.

सेंटरिंग (चित्र कार्डाच्या मधोमध असणं) बिघडलेलं पण बाकी उत्तम असं कार्ड असेल, तर पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे दोन वाटा आहेत: ‘८ ओसी’सारखा शेरा घ्या (ओसी म्हणजे ऑफ-सेंटर, मधोमध नसलेलं), किंवा शेरा नको असं आधीच कळवा. शेरा नाकारला की ग्रेड साधारण दोन अंकांनी उतरते. विकायचं असल्यास आम्ही बिनशेऱ्याचाच सल्ला देऊ. शेरा पाहून बरेच खरेदीदार मागे सरतात. बेकेट ही दुसरी कंपनी मागितल्यास सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगळे गुणही देते. कार्ड नेमकं कुठे कमी पडलं हे त्यातून कळतं, पण कमकुवत बाजूही लेबलवर सगळ्यांना दिसते. एसजीसी या तिसऱ्या कंपनीची काळी चौकट पांढऱ्या बॉर्डरच्या आणि लहान तंबाखू कार्डांना (पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या) फार शोभते, म्हणून संग्रहात ठेवायच्या कार्डांसाठी आमची पसंती तिला. पीएसए आणि एसजीसी २०२४ पासून एकाच मालकीच्या आहेत, तरी बाजार दोघींना सारखा भाव देत नाही.

म्हणून विकण्याआधी त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या, पण वेगवेगळ्या स्लॅबमधल्या *झालेल्या* विक्रीच्या किमती काढा. मागितलेली किंमत धरू नका. फी, टपाल आणि विमा वजा करून फरक उरत नसेल, तर ग्रेडिंग करूच नका. बऱ्याच ठिकाणी फी कार्डाच्या किमतीवर ठरते. किंमत कमी सांगितली तर फरक नंतर वसूल होतो, शिवाय वाटेत हरवल्यास भरपाईही तेवढ्यावरच.

पाठवताना पातळ स्लीव्ह आणि त्यावर लवचिक सेमी-रिजिड होल्डर. टॉपलोडर या कडक प्लास्टिक होल्डरमधून काढताना कोपरा दुमडू शकतो. डाग पुसणं, घडी दाबून सपाट करणं, उडालेला रंग भरणं यातलं काहीही करू नका; कार्डावर ‘ऑल्टर्ड’चा (फेरफार केलेलं) शिक्का बसू शकतो.

एका कंपनीच्या स्लॅबमधून दुसरीकडे न्यायचं असेल, तर स्लॅब स्वतः फोडू नका. तसाच पाठवा आणि अर्जात किमान ग्रेड लिहा. तेवढी मिळाली नाही तर कार्ड जुन्याच स्लॅबमध्ये परत येतं.