पटावरच्या खेळांतून कारभाराचा सराव कसा करावा

भोसरीतला लघुउद्योग असो वा कोथरूडमधली गृहनिर्माण संस्था, कारभारातले दोष बैठकीत सहसा दिसत नाहीत, कारण तिथे प्रत्येक जण आपले पद सांभाळून बोलतो. खेळाच्या पटावर ते लवकर उघडे पडतात. मात्र खेळ निवडताना आपल्या संस्थेचे दुखणे कोणते, हे आधी ठरवावे. बुद्धिबळाविषयी कितीही आदर असला, तरी या कामासाठी मी ते सुचवणार नाही. त्यात सगळा पट दोघांनाही दिसतो, नशिबाचा भाग नसतो आणि प्यादी कधी हुज्जत घालत नाहीत.

सगळे निर्णय एकाच व्यक्तीकडे जात असतील, तर मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा ‘पँडेमिक’ घ्यावा. यात दोन ते चार खेळाडू मिळून चार रोगांशी लढतात. प्रत्येकाला वेगळी भूमिका आणि प्रत्येक पाळीत चार कृती मिळतात. जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तरी सगळेच. थोड्याच वेळात एखादे वरिष्ठ सांगू लागतात, “तुम्ही मुंबईला या, मुंबईचं कार्ड मला द्या.” सल्ला बहुधा बरोबरच असतो, आणि खरी अडचण तीच आहे, कारण उरलेले तिघे नुसत्या सोंगट्या हलवू लागतात. म्हणून दोन नियम घालावेत: ज्याची पाळी, त्याने आपला विचार आधी मांडावा आणि शेवटचा निर्णयही त्यानेच घ्यावा, आणि वरिष्ठांनी, इतर कोणी विचारल्याशिवाय, बोलू नये. इतरांची सोंगटी त्यांच्या संमतीने हलवता येणारी एक भूमिका या खेळात आहे, ती अध्यक्षांना चुकूनही देऊ नये.

साठा आणि देवघेव हा प्रश्न असेल, तर क्लाउस टॉयबर यांचा १९९५ चा ‘कॅटन’ हा साधनसामग्रीची कार्डे जमवण्याचा आणि आपसांत बदलण्याचा खेळ उपयोगी पडतो. दोन फाशांवर सात पडले की सातपेक्षा जास्त कार्डे बाळगणाऱ्याला निम्मी टाकावी लागतात, आणि सात पडण्याची शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे सर्वांत जास्त असते. गोदाम भरून ठेवणाऱ्याला ही गोष्ट व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

खेळताना प्रत्येकाने मोठी चाल करण्यापूर्वी तिच्यामागचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे. डावानंतरच्या चर्चेला निदान अर्धा तास राखून ठेवावा आणि कोण जिंकले याऐवजी ते कागद वाचावेत: निर्णय चुकला होता, की निर्णय योग्य असूनही फासा उलटा पडला? ही फोड करण्याची सवय नसलेल्या संस्थेत तोट्याचे खापर ज्याच्या हातून काम झाले त्याच्यावर फुटते, आणि पुढच्या वेळी तो जोखीम घेणेच टाळतो.

खेळात पगार द्यावा लागत नाही आणि कोणी राजीनामा देत नाही, त्यामुळे डावावरून कोणाची बढती वा बदली ठरवू नये. चर्चेतून निघालेला एखादाच बदल, उदाहरणार्थ बैठकीत अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तीन महिन्यांसाठी ठराव करून इतिवृत्तात नोंदवावा.